कादंबरीतली काजेवाली

काजेवालीला जन्मभर दोनच माणसांचा हेवा वाटला, आणि दोन्ही घरातलीच. एक धाकटी बहीण. तिनं आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, तर ती थेट कॉलेजात शिकवायला लागले. दुसरी वहिनी. बाहेरच्या कुणाचा हेवा करायला तिला सवडच मिळाली नाही.

काजेवाली हे नाव पडलं ते गणवेशांच्या कारखान्यात. लढाईचे दिवस होते. खिडक्यांना काळा कागद, एका दिव्याखाली आठ बाया आणि शिपायांच्या कोटांचे ढीग. चौथीतून शाळा सुटली आणि हिच्या हातात सुई आली. सतराव्या वर्षी कोटांच्या बटणांची दिवसाला साठ काजं करायची, एकासारखं एक. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. टेबलाखाली बसून सुताचे तुकडे वेचायची आणि वर बाया काय बोलतात ते कानात साठवून ठेवायची. तेच सगळं पुढं पुस्तकात उतरलं.

पुस्तकाची नायिका काजं करणारी. मग काय, जो तो हिलाच म्हणायला लागला, "ती तूच की!" आयतं आलेलं कोण नाही म्हणतं? वहिनीला तर अक्षरओळख नाही. ती दारात येईल त्याला अभिमानानं सांगायची, "आमच्या वन्सं पुस्तकात आहेत बरं का!"

काजेवालीनं मात्र पुस्तक वाचलं होतं. ओळीखाली बोट ठेवून, एक अख्खा हिवाळा घालवून. त्यातली नायिका सुताला मेणाऐवजी साबण घासते. लढाईत मेण मिळेना, तेव्हा कपड्याच्या साबणाची ही युक्ती काढली होती नव्या आलेल्या वहिनीनं. साबणानं सूत असं सरसर चाललं की सगळा कारखाना तिच्या माघारी तिचं कौतुक करायला लागला. आणि त्याच पुस्तकात एक नणंदही होती. जळफळाट होऊन ती साबण लपवते, सूत तुटायला लागतं, आणि मुकादम नायिकेला इस्त्रीच्या खोलीत धाडतो. तीही मनानं रचलेली नव्हती. चाळीस वर्षं काजेवालीनं हे पोटात ठेवलं.

धाकटी गेली. दोन वर्षांनी एक प्राध्यापिका घरी आली. लेखिकेचं आयुष्य आणि तो काळ पुस्तकात कसकसा आला यावर ती लिहिणार होती. काजेवाली इस्त्रीची साडी नेसून बसली. वहिनी शेजारी वाटाणे सोलत.

"बाईंची प्रकरणं इतकी छोटी," प्राध्यापिका म्हणाली, "ही शैली त्यांना कशी सुचली असेल?"

"कसली शैली! कागद होता कुठं? लहानपणी कारखान्यातल्या मापाच्या चिठ्ठ्यांच्या मागं लिहायची. चिठ्ठी संपली की प्रकरण संपलं. मग तीच सवय लागली."

प्राध्यापिका भराभरा लिहायला लागली. काजेवालीची मान दोन बोटं वर गेली.

"आणि साबण घासणारी तुम्हीच ना?"

"म्हणजे काय! मीच."

"अहो वन्सं, विसरलात की काय?" वहिनी हसली. "तुम्ही तर साबणाला हात लावायचा नाहीत. बुळबुळीत सूत म्हणायचात. साबण माझा!"

प्राध्यापिकेनं खुर्ची वहिनीकडं वळवली. अख्खी खुर्ची! काजेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं सांभाळलेली नायिका एका वाक्यात वहिनीच्या ओटीत गेली, आणि त्या बाईला त्याचं काही विशेषही नव्हतं. ती आपली शेंगा मोडत होती.

"मग इस्त्रीच्या खोलीत तुम्ही गेलात?"

"गेले तर. अख्खा उन्हाळा. साबण नाहीसा झाला ना. उंदरांनी खाल्ला."

"उंदरांनी? कादंबरीत तर नणंद लपवते."

"छे गं! ते आमच्या धाकटीनं रचलं असणार. उंदीरच होते तिथं, हे एवढाले."

प्राध्यापिकेनं कागदावर लिहिलं. काजेवालीनं वाकून वाचलं. 'उंदीर.'

आता गप्प बसली असती तर सुटली होती. अब्रू राहिली असती, वहिनीला काही कळलं नसतं. पण मग त्या पुस्तकात कोण उरलं? वहिनी आणि उंदीर! तिच्याच सख्ख्या बहिणीच्या पुस्तकात तिच्या वाट्याची जागा उंदरानं घ्यायची?

"खोड ते," ती म्हणाली. "मी लपवला. कोटांच्या गठ्ठ्यात, तळाशी. धाकटीनं टेबलाखालून पाहिलं असेल."

वाटाणे थांबले. वहिनी तिच्याकडं बघत राहिली. त्या उन्हाळ्यात भाजलेल्या मनगटावरचा डाग अजून होता, तो तिनं झाकला नाही की दाखवला नाही.

"मी काय केलं होतं तुमचं, वन्सं?"

काजेवालीनं प्राध्यापिकेच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं बोट केलं. वहिनी प्राध्यापिकेकडं वळली. "बाई, ते वाच गं. का लपवते ती? मोठ्यानं वाच."

प्राध्यापिकेनं पान काढलं आणि चाचरत वाचलं. जिथं जाईल तिथं नव्या वहिनीचंच कौतुक, ते ऐकून नणंदेला घास गिळवेना, असं काहीसं धाकटीनं लिहिलं होतं.

वहिनीनं हातातली शेंग परातीत टाकली. मग म्हणाली, "माझं कौतुक? कोण करायचं? मला तर कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. सासूबाई म्हणायच्या, हाताला वळण नाही."

"तोंडावर म्हणायची. मागं वेगळं म्हणायची."

"काय म्हणायच्या?"

काजेवालीनं पदर सारखा केला. खोकून पाहिलं. प्राध्यापिकाही थांबली होती, पेन उघडं ठेवून.

"सांगा की, वन्सं. तुम्हालाच ठाऊक आहे. बाकीचे सगळे गेले."

खरंच, दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि काजेवालीला तर एकूणएक शब्द पाठ होता. साठ वर्षांपूर्वीचा, कोण म्हणालं, कुठं उभं राहून म्हणालं, सगळं.

"आई म्हणायची," ती दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करून म्हणाली, "ही आली आणि घराला हात आले."

"आणखी?"

"मुकादम म्हणाला होता, साहेबाच्या कोटाची काजं हिलाच द्या."

"आणखी?" वहिनीनं वाटाण्यांची परात बाजूला सारली आणि नीट मांडी घालून बसली.