पुस्तकांच्या फळीवरचा आवाज

भाद्रपद सरता सरता मावळातल्या हवेला फुलोऱ्यावर आलेल्या भाताचा कोवळा, दुधाळ वास येतो. तळेगावच्या बाजारात तो स्कूटरच्या धुरातूनही वाट काढतो आणि पुस्तकांच्या दुकानाच्या दारात नव्या कागदाच्या वासाला येऊन मिळतो. दृष्टी गेल्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या दारात उगाच रेंगाळत असे. पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवायची, एखादं कोरं पान नाकाशी धरायचं आणि रिकाम्या हातांनी परतायचं, एवढंच माझं वाचन उरलं होतं.

पुढे संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर मला मिळालं. फारसं कुणाला ठाऊक नसलेलं, पण मुक्त. कुणीही विनामूल्य घ्यावं, आतून उघडून पाहावं, सुधारावं आणि पुढच्याला द्यावं असं. त्याचं मराठी मात्र परगावच्या पाहुण्यासारखं अवघडलेलं होतं. ‘जग’ आणि ‘जगणं’ यांतला ज एक नव्हे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ज्यांना मी केवळ आवाजांनी ओळखते अशा चौघा-पाचजणांसोबत मी ते शिकवत राहिले. एकेक शब्द ऐकत, खोडत, पुन्हा उच्चारून घेत. ज्या दिवशी त्याने एक अख्खा परिच्छेद माझ्या आईच्या मराठीत वाचला, त्या दिवशी मला वाटलं, हे आता दुकानात असायला हवं. पुस्तकांच्या दुकानात, पुस्तकांच्या फळीवर.

पेनड्राइव्ह आणि मोठ्या अक्षरांतली छोटी पुस्तिका अशी पाकिटं घेऊन मी दुकानदार शशीकाकांपुढे उभी राहिले.

“ताई, इंटरनेटवर फुकट मिळणारी वस्तू मी विकायला ठेवली, तर गिऱ्हाईक मला लबाड म्हणेल.”

“मिळते, काका. पण ती आहे हेच कुणाला ठाऊक नाही. किंमत फक्त पेनड्राइव्ह आणि छपाईची, हे पाकिटावर लिहिलंय.”

“बरं, मग गल्ल्याजवळ ठेवू. पेनं, चिकटपट्ट्या असतात तिथं.”

“नाही. पुस्तकांत.”

माझा आवाज मलाच कठोर वाटला. मी त्यांच्याच संगणकाला पेनड्राइव्ह जोडला आणि पडद्यावर उघडं असलेलं वर्तमानपत्र वाचायला लावलं. पाऊस, पवना धरण, आंबीतल्या रस्त्याचं रखडलेलं काम, एकामागून एक बातम्या दुकानभर संथपणे उमटत गेल्या. काकांच्या खुर्चीची कुरकुर थांबली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मी डोळे मिटून ऐकत होतो.” मग त्यांनी माझा हात धरून मला शब्दकोशांच्या फळीपाशी नेलं आणि तिथली जागा मोकळी करून दिली.

त्यानंतर आश्विन गेला, भाताच्या कापण्या झाल्या, पण पाकिटं जागची हलली नाहीत. मी जाऊन चाचपून येई. त्यांच्यावर बसलेली बारीक धूळ बोटांना लागे.

एका कोवळ्या थंडीच्या सकाळी मी दुकानात असताना वडिवळ्याहून आलेली एक बाई काकांना विचारत होती, “ह्ये दिसत न्हाई त्यांच्यासाटी हाय व्हय? आमच्या मामंजींना पेपराबिगर करमत न्हाई, आन् आता अक्षरंच दिसंनात. लय चिडत्यात.”

“या ताईंनाच विचारा. त्यांनीच केलंय,” काका म्हणाले. त्यांच्या स्वरातला तोरा मला स्पष्ट ऐकू आला.

“तुमाला दिसत न्हाई, आन् तुमी क्येलं?”

“आम्ही काहीजणांनी मिळून. घरी संगणक आहे ना?”

“पोराचा लॅपटॉप हाय. गावात अजून दोघं हायती आसंच दिसंनासं झाल्यालं. त्यांनाबी ह्यातलं उतरून दिलं तर चालंल?”

“चालेल काय, द्याच. त्यासाठीच आहे ते.”

काका हसत उद्गारले, “झालं! माझी दोन गिऱ्हाइकं गेली!” आणि तरी त्यांनी ते पाकीट नव्या ग्रंथासारखं कागदात नीट गुंडाळून दिलं.

ती गेल्यावर मी फळीपाशी आले. दोन जाडजूड शब्दकोशांच्या शेजारी, पाकिटांच्या रांगेत, एका पाकिटाएवढी फट पडली होती. त्या फटीत बोट ठेवून मी उभी राहिले. वडिवळ्याच्या कुठल्याशा ओसरीवर आज माझ्या ओळखीचा आवाज एका अनोळखी म्हाताऱ्याला गावाची बातमी सांगेल, आणि तिथून तो कुठे कुठे जाईल, हे मला कधीच कळणार नाही. काका शेजारची पाकिटं सरकवून ती जागा भरायला आले, तेव्हा मी म्हणाले, “राहू द्या जरा.”