केरबादादाचे वकील

करीम वकिलांकडे कुणीही मुकदमा घेऊन गेलं, की ते उठून त्याला आपल्या खुर्चीत बसवत आणि स्वतः समोरच्या लाकडी स्टुलावर बसत. उस्मानाबादेतल्या बाकीच्या वकिलांकडे आमच्या वस्तीतल्या माणसानं ओसरीच्या खाली उभं राहून बोलायचं, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी गोदावहिनी आणि मी त्यांच्या दारात गेलो आणि त्यांनी, "या, बसा इथं," म्हणून ती वेताची मोठी खुर्ची दाखवली, तेव्हा आम्ही दोघींनी मागं वळून पाहिलं. आमच्या मागून कुणी मोठं माणूस आलं असेल, असं वाटलं.

"तुमालाच सांगतो," ते म्हणाले. "मुकदमा तुमचा हाय. मी नुस्ता ऐकणारा."

वहिनी बसायला तयार होईना. शेवटी मी बसले. माझं वय तेव्हा विशीच्या आत-बाहेर होतं, सातवी पास होऊन मास्तरकीच्या नोकरीसाठी खटपट चालली होती, आणि उभ्या जन्मात मी हाताची खुर्ची वापरलेली नव्हती. खुर्चीचे हात घट्ट धरून मी घडाघडा बोलायला लागले.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं. गावाच्या वाटेवर पायऱ्यांची जुनी बारव होती. सरकारनं ती दुरुस्त केली आणि ही सगळ्यांसाठी खुली आहे, अशी पाटी लावली. वर्ष उलटलं तरी आमच्या बायका ओढ्यात झरा उकरूनच पाणी भरत होत्या. नव्यानंच आम्ही बौद्ध झालो होतो, अंगात नवं वारं होतं. एका सकाळी मी, वहिनी आणि चार-दोन बायका घागरी घेऊन सरळ बारवेत उतरलो. पहिली घागर मी भरली. काठावर माणसं जमली, शिव्या झाल्या, ढकलाढकली होता होता राहिली. आम्ही पाणी घेऊनच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मोठ्या बागायतदारानं – त्यांना सगळे मालकच म्हणत – आपला सालगडी नामा याला पायऱ्यांवर बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या फेसाट्या टाकायला पाठवलं. दुपारी पोलीस आले आणि माझ्या थोरल्या भावाला, केरबादादाला घेऊन गेले. फिर्याद अशी, की केरबानं नामाला काठीनं मारलं, त्याचा हात मोडला आणि जीव घ्यायला त्याला बारवेत ढकललं. दादा एवढंच सांगत होता, की नामा पाय घसरून पडला आणि मी त्याला वर काढलं. पाहणारं तिसरं कुणी नव्हतं. दोन वकिलांनी आमच्याकडे पाठ फिरवली होती. करीम वकिलांचं नाव आम्हाला गावातल्या बांगड्या भरणाऱ्या महबूबबीनं सांगितलं होतं.

माझं सांगून झालं. मला धाप लागली होती. करीम वकील म्हणाले, "हे रागानं सांगितलं. बरं केलं. आता राग बाजूला ठिवून पुना सांगा. मला दोनी लागतात."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी ते मध्येच थांबवून विचारत होते. पाणी कुठवर होतं? फेसाटी कुठं सापडली? दादा कुठून आला? आणि सगळ्यांत शेवटी एक प्रश्न, जो आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"नामाला पोहता येतं का?"

वहिनी पहिल्यांदाच बोलली. "न्हाय जी. त्यो बैलं धुवायला बी गुडघ्याच्या फुडं जात न्हाय."

करीम वकील स्टुलावरून उठले. "मी गावात येतो," म्हणाले. "बारव बघितल्याबिगर मला बोलता येत न्हाय."

ते खरंच आले. आमच्या गावानं वकील पाहिला तो त्या दिवशी. लांब काळी शेरवानी, डोक्यावर टोपी, पायांत बूट. मोटारीतून फाट्यावर उतरून चालत आले. अख्खी वस्ती त्यांच्या मागं. बूट काढून ते पायऱ्या उतरले, तळच्या शेवाळी पायरीवर त्यांचा पाय सरकला आणि मी त्यांना दंडाला धरून सावरलं. शेरवानी गुडघ्यापर्यंत भिजली. मी घाबरून हात काढला, तर ते म्हणाले, "सोडू नका बाई, अजून उभा राह्यलो न्हाय मी." मग त्याच ओल्या पायरीवर बसून ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"मोडक्या हातानं, पोहता न येणारा माणूस इथून एकटा वर येत न्हाय," ते हळूच म्हणाले. "केरबानं त्याला काढलंच हाय. मग नामा खोटं का बोलतो? मालकाचं भ्या हाय, ते झालंच. पण दुसरं एक भ्या हाय. त्यानं तुमच्या माणसाचा हात धरला. ते गावाला कळलं तर त्याचं काय हुईल, ह्याचं."

इतके दिवस मी नामाला मनातल्या मनात शिव्या देत होते. त्याच्या बाजूनं हे असं कुणी उलगडून दाखवलं नव्हतं.

आम्ही वर आलो तर मालकांचा माणूस उभा होता. चहाचं बोलावणं होतं, आणि त्यासोबत निरोप. "मालक म्हणले, वकीलसाहेब, तुमच्या लोकांनी असल्या भानगडीत पडू ने. दिवस बरे न्हाईत."

करीम वकील बूट घालता घालता म्हणाले, "मालकांना सलाम सांगा. दिवस कधी बरे होते तेवढं इचारून या. त्या दिवशी चहाला येतो."

वस्तीतली पोरं दोन दिवस तेच वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होती.

फाट्यावर मोटारीची वाट पाहताना मी त्यांना विचारलं, की साहेब, तुम्हाला भीती नाही वाटत? "वाटते की," ते म्हणाले. "निजाम पडला त्या पोलीस ॲक्शननंतर मला बी धरलं होतं. काय केलं म्हणून, ते धरणाऱ्याला बी ठावं नव्हतं. त्या येळी मी एक वकील हुडकत होतो. मिळाला न्हाय."

निजामाच्या काळात त्यांची सगळी वकिली उर्दूत झालेली. आता कोर्टाची भाषा बदलली होती आणि उतारवयात ते कोर्टातली मराठी शिकत होते. कुणी हसलं तर म्हणत, "हसा. पण फिर्याद, वकील, हजर, जामीन, सगळं आमच्याच घरातनं आलेलं हाय. मला नुस्ती क्रियापदं शिकायची हायत." तारखेच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आपले प्रश्न मोठ्यानं म्हणून दाखवले. चुकलेलं क्रियापद मी दुरुस्त करी आणि ते गंभीरपणे पुन्हा म्हणत. मला मोठी मौज वाटे, आणि मनात धाकधूकही होई, की या क्रियापदांवर माझा भाऊ टांगलेला आहे.

एकदा मी धीर करून म्हणाले, "साहेब, कोर्टात नामाला चांगला फैलावर घ्या." ते म्हणाले, "ओरडायचं काम समोरच्यांना देऊ. आपुन इचारायचं."

मुकदम्याच्या दिवशी आमची वस्ती बैलगाड्या जुंपून उस्मानाबादला निघाली. काही जण पायीच. इतकी माणसं एकदम कोर्टात शिरताना पाहून शिपाई बावरला. दादा पिंजऱ्यात उभा होता, वाळला होता, पण आम्हाला पाहून त्यानं हनुवटी वर केली. मालक मागच्या बाकावर पांढरा फेटा बांधून बसले होते. नामा साक्षीला उभा राहिला. त्याचा हात बरा झाला होता, पण कोपरात वाकडा राहिला होता. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं. काठी, मार, ढकलणं.

मग करीम वकील उठले.

"नामदेवराव," ते म्हणाले.

नामानं इकडेतिकडे पाहिलं. त्याला त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती, बहुधा त्यानंही.

"हात अजून दुखतो का?"

"थंडीत ठणकतोय जी."

"घरी कोण असतं?"

"म्हातारी हाय. दोन लेकरं हायत."

"पोहता येतं तुम्हाला?"

"न्हाय."

"तुम्ही पडलात तिथं पाणी किती होतं?"

"लई. डोस्क्यावरनं गेलं."

"हात मोडलेला, पोहता येत नाही, पाणी डोक्यावरून. मग तुम्ही वर कसे आलात?"

सगळी क्रियापदं बरोबर आली होती. पण मला त्याचं भानही उरलं नव्हतं. नामाची नजर मागच्या बाकाकडे गेली. सरकारी वकील उठून काही हरकत घ्यायला लागले, न्यायाधीशांनी त्यांना हातानं बसवलं. करीम वकील दोन पावलं सरकले आणि नामा आणि मागच्या बाकाच्या मधे येऊन उभे राहिले. आता नामाला फक्त तेच दिसत होते.

"नामदेवराव, बुडणाऱ्या माणसानं कुणाचा हात धरला, ह्यात त्याचा काही गुन्हा नाही. कायद्यात हाताला जात नाही. मी एवढंच विचारतो. हात कुणी दिला?"

वहिनीनं माझं मनगट इतकं आवळलं, की बांगडी फुटली.

"केरबानं," नामा म्हणाला. मग एकदा तोंड फुटल्यावर थांबेना. "त्यो धर म्हणला. म्या धरला. दोनी हातांनी धरला जी, मोडक्या हातानं बी. काठी नव्हती. फेसाटी घिऊन उतरताना माजा पाय घसरला. त्यो नसता तर माजी लेकरं उघडी पडली आसती." आणि तो रडायला लागला.

कोर्टात गलका झाला. न्यायाधीश मेजावर थापा मारत होते. पिंजऱ्यात दादा हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम. मी करीम वकिलांकडे पाहिलं. ते खाली बसून रुमालानं मान पुसत होते.

दादा सुटला. बाहेर आमच्या लोकांनी वकिलांना खांद्यावर घ्यायची तयारी केली, तर ते मागं सरले. "केरबा सुटला. पाणी कुठं सुटलं?" म्हणाले. आणि आठवडा उलटायच्या आत, अस्पृश्यताबंदीच्या नव्या कायद्याखाली त्यांनी माझ्या नावानं तक्रार दाखल केली. मोठे अधिकारी गावात आले, मालकांना समज मिळाली, आणि भर उन्हात, सगळ्या गावादेखत, आमच्या बायका पुन्हा बारवेत उतरल्या. या वेळी काठावर महबूबबी होती, कुणब्यांच्या दोन-तीन बायकाही होत्या. त्यांतल्या एकीनं माझी भरली घागर डोक्यावर चढवून दिली. त्या दिवशी मला वस्तीपर्यंतची वाट फार थोडी वाटली.

नामाला मालकांनी कोर्टाच्या दिवशीच कामावरून काढलं होतं. करीम वकिलांनी शब्द टाकून त्याला शहरातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये लावलं. सुटीच्या दिवशी तो दादाकडे येई. दोघांचं कशावरूनही भांडण जुंपे, आणि तरी नामा जेवूनच जाई.

पुढं काही वर्षांनी करीम वकील मुलाकडे हैदराबादला जायला निघाले. नजर अधू झाली होती, घरी कुणी नव्हतं. मला तोवर सास्तूरला शाळा मिळाली होती. मी रजा टाकून आले. स्टँडवर आमची निम्मी वस्ती जमलेली. दादा आणि नामा पहाटेच येऊन मोटारीत घुसले होते आणि खिडकीची जागा धरून बसले होते, पण दोघांनी दोन वेगळ्या बाजूंना. आता साहेबांना कोणती खिडकी, यावरून त्यांचं सुरू झालं. दादा म्हणे, ह्या बाजूला ऊन लागत नाही. नामा म्हणे, त्या बाजूला वारा लागतो.

"सरकारी बाजू आधी ऐकू का बचावाची?" करीम वकील म्हणाले आणि दादाच्या बाजूला बसले. "दुपारनंतर नामदेवरावांच्या खिडकीत जाईन."

मी खिडकीशी गेले. "साहेब, जपून जावा," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरींना दोनदा सांगायला शिकवा, बाई," म्हणाले. "रागानं एकदा, आन् मग पुना."

मोटार सुरू झाली. खाली उतरलेले दादा आणि नामा तिच्या बरोबरीनं पळू लागले. हैदराबादच्या स्टँडवर कुठं उभं राहायचं, सोबत दिलेली भाकरीची टोपली कुणाकडे द्यायची, औषध कधी घ्यायचं, दोघंही एकदमच सांगत होते आणि एकमेकांचं खोडून काढत होते. करीम वकील खिडकीतून अर्धे बाहेर वाकले होते. एक हात कानामागं धरून, दोघांकडे आळीपाळीनं बघत, वळण येईपर्यंत ते ऐकत होते.