व्याह्यांनी सांगितलेली मॅच

काळजी करण्याच्या बाबतीत माझ्या व्याह्यांचा हात धरील असा माणूस पेडण्यापासून काणकोणापर्यंत अख्ख्या गोव्यात सापडायचा नाही. चारचौघे काळजी करतात ती काहीतरी बिनसल्यावर. आमचे व्याही ती आधीच करून ठेवतात, म्हणजे बिनसल्यावर धावपळ नको. हरमलला त्यांचं घर, मागे माड, पुढे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या चार खोल्या. उभी नोकरी फेरीबोटीवर गेली. चोपड्याला पूल झाल्यावर तिथली बोट बंद पडली, दुसऱ्या धक्क्यावर बदली झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. इतक्या वर्षांत त्यांची बोट एकदाही बुडाली नाही, पण 'बुडालीच असती' असे प्रसंग विचाराल तर एका दमात पंधरावीस सांगतील. आता पाहुणे समुद्रावर पोहायला गेले की ते परत येईपर्यंत हे व्हरांड्यात त्यांच्या शिल्लक चपलांकडे बघत बसतात. अर्थात हा सगळा नुसता सराव. त्यांची खरी, मुरलेली, बारमाही काळजी म्हणजे गोव्याची फुटबॉल टीम.

हे मला कळलं ते आमच्या मानसीला बघायला ही मंडळी डिचोलीला आली तेव्हा. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी परसात बोलायला गेली. व्याही उठून मला हळूच म्हणाले, "जरा बाहेर येता?" मी मागोमाग निघालो. काय मागतात, काय विचारतात! तुळशीपाशी उभे राहून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "मॅच बघता?"

मी म्हटलं, "बघतो की. क्रिकेट."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तुळशीची एक मंजिरी खुडली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "क्रिकेटात दोन चेंडूंच्या मध्ये माणसाला काळजी करायला फुरसत मिळते हो. फुटबॉलात ती सोय नाही. सगळी आधी करून यावी लागते." लग्न जमलं, पण त्या दिवसापासून मी फुटबॉल बघायला लागलो. मुलीच्या बापाला काय काय करावं लागतं!

पुढे लग्नातही त्यांनी मला सोडलं नाही. नेमकी त्या संध्याकाळी टीमची मॅच. मंगलाष्टकं चालू, अंतरपाटाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. हातातल्या अक्षता आधीच्याच कडव्याला उडवून मोकळे झालेले व्याही मान वाकडी करून मला खुणेने विचारत होते, किती झाले? खिशातल्या फोनवर चोरून बघून मी बोट वर केलं. एक. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, कोणाचा? आता 'आपला' हे खुणेने कसं सांगायचं? मी छातीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मला छातीत कळ आली. भर मंडपात ते पाण्याचा तांब्या घेऊन अंतरपाटाला वळसा घालून धावत आले, आणि भटजी पुढची ओळ विसरले.

तुम्ही म्हणाल, एवढा शौकीन माणूस मॅच तरी मन लावून बघत असेल. तर तेच नाही! मॅच चालू असताना व्याही टीव्हीच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. आपण बघितलं की टीम हरते, ही त्यांची ठाम समजूत. शिवाय "माका बघवत नाय" हे त्याहून खरं कारण. म्हणून ते घरामागे विहिरीपाशी जातात, माडाला पाठ टेकवतात, कानाला फोन लावतात, आणि डिचोलीहून मी त्यांना मॅच सांगतो. आधी हे काम त्यांच्या मुलाकडे होतं, पण तो सांगता सांगता ओरडतो, आणि ओरडणं आनंदाचं की दुःखाचं हे कळेपर्यंत यांचा जीव जातो. मी आयुष्यभर खाणीच्या ऑफिसात ट्रकांच्या वजनाच्या पावत्या वाचून दाखवल्या. मला आवाज चढवायची सवयच नाही. "तुम्ही फार बरं सांगता हो," व्याही म्हणतात, "गोल झाला तरी पावती फाडल्यासारखं वाटतं."

सांगण्याचेही नियम आहेत. 'आज जिंकणार' असं म्हणायचं नाही. जिंकत असलो तरी 'जिंकतोय' म्हणायचं नाही, 'बरं चाललंय' एवढंच. एकदा आपण तीन गोलांनी पुढे होतो आणि मॅच संपायला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "व्याही, आज तरी निवांत बसा." पलीकडून खोल उसासा आला. "तीन म्हणजे फार झाले. आता पोरं निर्धास्त होणार. एक असता तर जिवाच्या भीतीने खेळली असती." शिट्टी वाजली, जिंकलो. मी अभिनंदन केलं, तर हे म्हणतात, "सगळे गोल आजच संपवले. रविवारच्या मॅचला काय शिल्लक राहिलं?"

व्याही माझ्याशी एरवी शुद्ध मराठीत बोलतात. व्याही-व्याह्यांचं नातं, मान राखायला हवा! पण काळजी वाढत गेली की त्या मराठीची घडी विस्कटते आणि खालची पेडण्याची बोली वर येते. 'काय हो, कसं चाललंय' हे मॅच सुरू होताना. अर्ध्या तासाने, 'काय झाला? बसलो मां गोल?' आणि शेवटी शेवटी, 'आतां कायच खरां नाय.' गोलकीपरचा गुडघा दुखावल्याचं मी एकदा सांगितलं, तर त्यांनी फोन चालू ठेवूनच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या गुडघ्यार नजर ठेव, आडवो-उभो येयत तो चेंडू तेच्या हातांत पडांदे..." आणि ऐकणाऱ्याच्या होकारासाठी थांबले. "अहो, म्हणा ना!" व्याही कळवळून म्हणाले. मग डिचोलीत, सोफ्यावर बसून, बायकोच्या देखत मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

अशी चारपाच वर्षं गेली. मग मानसीला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती आमच्याकडे डिचोलीला आली. व्याह्यांचे फोन वाढले, पण त्यांतही ते टीमचंच बोलत. यंदा बचाव कच्चा आहे, परदेशी प्रशिक्षक फार हसतो, हसणारा माणूस बरा नव्हे. शेवटी फोन ठेवता ठेवता, "आणि घरात सगळं बरं ना?" एवढंच. मानसीचं नाव ते घेत नसत. नाव घेतलं की काहीतरी होईल अशी भीती असावी.

तारखेला बराच अवकाश असताना एका दुपारी मानसीला कसंतरी व्हायला लागलं. आम्ही तिला म्हापशाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मशीन लावलं, मशीनकडे पुन्हा पुन्हा बघितलं. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होताहेत. थांबून चालणार नाही." मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. बायको आतल्या दारापाशी देवाचं नाव घेत उभी राहिली, मी बाहेर बाकावर बसलो. जावई आणि विहीणबाई हरमलहून निघाले होते. खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, म्हणून व्याही घरी राहिले, असं जावयाने सांगितलं.

पाच वाजता माझा फोन वाजला. व्याही.

"ऐकता ना? सुरू झाली."

"काय सुरू झाली?"

"मॅच. सेमीफायनल नाही का आज!"

माझा तोल गेला. "अहो, इथे मानसीला आत नेलंय, तुम्हाला मॅच सुचते? मी कुठून सांगू मॅच?"

"ठाऊक आहे," व्याही शांतपणे म्हणाले. "पोरगा चोपड्याच्या पुलावर पोचलाय, आत्ताच बोललो. तुम्ही काही सांगायचं नाही. आज मी टीव्हीसमोर बसलोय. मी सांगतो, तुम्ही ऐका."

"तुम्ही? टीव्हीसमोर?"

"खुर्ची ओढून घेतलीय. तुम्ही पाठ टेका भिंतीला. टेकलीत?"

मी टेकली. आणि ज्या माणसाने वर्षानुवर्षं मॅच बघितली नव्हती तो मला मॅच सांगू लागला. गवत फार हिरवं आहे, म्हणाले. आपला गोलकीपर केवढा उंच आहे हो, तुम्ही कधी बोलला नाहीत. चेंडू कोणाकडे आहे ते सांगायचं सोडून रेफरी कसा टकला आहे, राखीव बाकावरच्या एका पोराने नखं कशी खाल्लीत, हे सगळं ते सावकाश, एकेक करून सांगत होते. मी हूं हूं करत होतो. डोळे त्या बंद दारावर. आतून एक सिस्टर धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन तशीच धावत आत गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय झालं?"

पलीकडे टीव्हीत गलका उठला. मग व्याही म्हणाले, "गोल झाला. आपला."

"आपला?"

"आपलाच. घाबरू नका. बरं चाललंय."

थोड्या वेळाने दुसराही झाला, तोही आपला. मी व्याह्यांचा तो संथ, शुद्ध मराठी आवाज धरून बसलो होतो. एखाद्याने हाताला धरून पाण्यातून पलीकडे न्यावं तसं वाटत होतं. मध्ये जावई आणि विहीणबाई पोचले आणि बायकोजवळ आतल्या दारापाशी गेले, मी उठून सिस्टरला विचारून आलो, तिने अजून थांबा म्हटलं, परत येऊन फोन कानाला लावला, तरी व्याही बोलतच होते. आणि मग दार उघडलं. "मुलगी झाली," सिस्टर म्हणाली. "थोडी नाजूक आहे, काचेच्या पेटीत ठेवू. आई बरी आहे."

मी फोनमध्ये ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदाच. "मुलगी! दोघी बऱ्या आहेत!"

मी फोन कानाशी घट्ट धरला. "व्याही? ऐकलंत ना?"

"बरां झाला," आवाज आला. तो ओळखू येत नव्हता. "बरां झाला हो. देवान राखला."

जरा वेळाने मला आठवलं. "आणि मॅच?"

"कसली? हां, मॅच. अजून दहा मिनिटं आहेत. पण जिंकलो आपण. दोन-शून्य."

दहा मिनिटं बाकी असताना हा माणूस 'जिंकलो' म्हणतो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळासमोरच्या गाड्यावर चहा घेत होतो. शेजारी दोन तरुण तावातावाने भांडत होते. एक म्हणत होता बचाव भिकार, दुसरा म्हणत होता प्रशिक्षकाला घरी पाठवा. मी प्रेमाने मध्ये पडलो. "अरे बाबांनो, फायनलला पोचलो ना? मग चिडता कशाला?" एकाने कप खाली ठेवला. "काका, तुमी खंयची मॅच बघलात? तीन गोल खाल्ले आपण. एक मारूंक नाय."

तेवढ्यात व्याही आले. हातात बेकरीतल्या गरम उंडे-पावांची पिशवी, डोळे लाल. आधी नात बघितली, काचेतूनच. पंखा फार जोरात फिरतो का, तिची नखं वाढलीत का, ती एवढी झोपते कशी, सगळ्या काळज्या सिस्टरकडे रीतसर नोंदवल्या. मग मी त्यांना सज्जात नेलं.

"व्याही, काल आपण हरलो."

"होय."

"मग ते दोन गोल?"

"ते मी मारले," व्याही खाली बघत म्हणाले. "पहिला आपल्यावर बसला आणि त्याच वेळी तुम्ही विचारलंत, काय झालं. आत तुमची पोर. आपल्यावर बसला, हे तोंडातून निघेना. म्हणून बाजू बदलली. मग दुसऱ्याचीही बदलावी लागली. तिसरा बसला तेव्हा तुम्ही सिस्टरशी बोलत होता. तो सोडून दिला."

मला हसू येईना आणि दुसरं काही करताही येईना. "पण तुम्ही बघायला बसलातच कसे? तुम्ही बघितलं की टीम हरते ना?"

"हरते," ते म्हणाले. "हरली."

त्यानंतर ते पुन्हा विहिरीपाशी गेले आणि मी पुन्हा सांगू लागलो. नात आता त्यांच्या माडांखालून पळते आणि ते तिच्या मागून नारळ पडेल म्हणून वर बघत पळतात. मध्यंतरी एकदा स्पर्धा होणार की नाही हेच ठरेना. ठरलेल्या महिन्यात मॅच नाही, फोन नाही. मला डिचोलीत संध्याकाळ खायला उठायची. शेवटी एका रविवारी स्कूटर काढली आणि हरमलला गेलो. व्हरांड्यात दोघेच बसलो. समुद्राकडून वारा येत होता, बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून एवढे दिवस मनात राहिलेलं विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही इतके शांत कसे होता हो? नात तर तुमचीही होती."

रस्त्यावरून पाहुण्यांच्या दोन मोटारसायकली गेल्या, त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत व्याही बघत राहिले.

"शांत कुठला?" ते म्हणाले. "मी काय सांगत होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही फोन ठेवू नये, एवढंच बघत होतो. तुमचा श्वास ऐकायला येत होता. तो चालू आहे तोवर म्हटलं, तिकडे अजून काही वाईट झालेलं नाय."