साडूचं नाक

ग्लासात नाक घालून, डोळे मिटून गप्प बसलेला माणूस मी परवा पहिल्यांदाच पाहिला. तो माझा साडू शेखर. अमेरिकेहून येताना त्याने तिकडच्या दोन वाइन आणल्या होत्या. "पांढरी रिस्लिंग कोथिंबीरवडीबरोबर घ्या, लाल झिनफँडेल भरल्या वांग्यांसाठी ठेवा," तो म्हणाला. सल्ला अगदी बरोबर निघाला, हेच माझं दुःख. लाल घोटाने वांग्यांचा मसाला असा काही खुलला, की मी मुद्दाम तोंड वाकडं केलं.

मग त्याने वांग्याचाही तसाच वास घेतला. "ताई, तीळ आज थोडे जास्त भाजलेत ना? मस्त लागतायत."

"अगंबाई, कळलं तुम्हाला?" बायकोचा चेहरा असा उजळला, की तसा मी फक्त लग्नाच्या अल्बममध्ये पाहिला होता.

वाइनचं सोडा, मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा हेवा वाटला. इतकी वर्षं मी तिच्या हातचं जेवतोय, म्हणजे पेपर वाचता वाचता ताट रिकामं करतोय. घास तोंडात असताना माणसाने तिथे हजर असायला हवं. मी बहुतेक अग्रलेखात असतो.

दुसऱ्या दिवशी पेपर बाजूला ठेवला. आमटीची वाटी हातात धरून गोल फिरवली, डोळे मिटले, नाक जवळ नेलं.

"काय झालं? माशी पडली का?" बायकोने विचारलं.

"चिंच... जरा जुनी आहे का?"

"आमसूल आहे ते," ती म्हणाली, आणि न विचारताच माझ्या वाटीत आणखी डावभर आमटी वाढली.