एका पायावरचा बगळा

घरातली एखादी वस्तू निकामी झाली हे ठरवायचे कोणी? ती वापरणाऱ्याने, की त्याला वापरताना पाहणाऱ्यांनी? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. प्लास्टरबाईंनाही ते आले नव्हते, आणि त्यांना तर ते भर वर्गात, उभ्या उभ्या हवे होते.

प्लास्टरबाई हे नाव मुलांनी ठेवलेले. सारी नोकरी त्यांनी इस्पितळाच्या प्लास्टर-खोलीत काढली होती. मोडलेला हात सरळ धरायचा, त्यावर ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, आणि हाड जुळून आले की स्वतःच घडवलेले ते कवच स्वतःच कापून टाकायचे. निवृत्त झाल्यावर बाईंचे हात शिवशिवू लागले. तेव्हा त्यांनी वाचनालयामागची अडगळीची खोली मागून घेतली आणि शनिवारी दुपारी तिथे मुलांना शिल्पे करायला शिकवू लागल्या. सामग्री म्हणाल तर छत्रीच्या काड्या, अंड्यांचे ट्रे, बाटल्यांची झाकणे, उसवलेले स्वेटर, रद्दीचा लगदा, पिठाची खळ आणि प्लास्टरच्या पट्ट्या.

इस्पितळ सुटले तरी तिथली रीत सुटली नव्हती. "आधी हाड, मग मांस, शेवटी कातडी," असे त्या बजावत, आणि आत काही कणखर बसवल्याशिवाय लगद्याला बोट लावू देत नसत. वाळत ठेवलेले शिल्प म्हणजे भरती केलेला पेशंट; त्याच्याभोवती घुटमळणाऱ्याला "नातेवाइकांनी बाहेर थांबावं" असा दम मिळे. पेशंटवर शस्त्र चालवायचे झाले, तर तो ज्याने घडवला त्याची संमती घ्यायची, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. आणि हाडासाठी घरून काय आणायचे, हेही ठरलेले होते: "ज्याचा घरात कुणाला उपयोग नाही, तेच."

हे वाक्य त्यांच्या अंगाशी आले.

वर्गात दहा वर्षांची एक मुलगी होती. दिसेल ते उचलून कुठेतरी दडवायच्या सवयीमुळे घरचे तिला खार म्हणत. खारीने आजवर एकही काम तडीस नेले नव्हते. अर्ध्यावर आले की ती त्याचा चोळामोळा करून टाके. पण २०११ च्या हिवाळ्यात तिने बगळा केला. गुडघ्याएवढा, मान वाकवून एका पायावर उभा. तो पाय तिने घरूनच, चिंधीत गुंडाळून आणला होता. बाईंनी वरून चाचपून "हाड पक्कं आहे" अशी पावती दिली आणि दगड-प्लास्टर भरलेल्या डब्यात तो रोवूही दिला. बगळा कुणाच्याही आधाराशिवाय उभा राहिला तेव्हा खारीपेक्षा बाईंचीच छाती जास्त फुगली.

पुढच्या शनिवारी खारीचे आजोबा दारात हजर. जन्मभर शिंपीकाम केलेले. गळ्यातली टेप अजून तशीच.

"बाई, माझी कात्री गेली. वडिलांनी दिलेली, लोखंडी. आठवडाभर घर पालथं घातलं. आणि ही तुमची विद्यार्थिनी पलंगाखाली बॅटरी मारून माझ्याबरोबर शोधतेय! आज सकाळी हिच्या आईनं कान धरला, तेव्हा कुठे तोंड उघडलं."

"अगं, तुला माहीत होतं ना कुठे आहे ते?" बाईंनी विचारले.

"हो."

"मग शोधत कशाला होतीस?"

"आजोबा एकटेच शोधत होते म्हणून."

वर्गात हशा पिकला. खार मात्र बगळ्याला पाठीशी घालून उभी होती. "आई म्हणाली, आता त्या कात्रीचा काही उपयोग नाही. आजोबांचा हात थरथरतो. आणि बाई, तुम्हीच म्हणालात, उपयोग नसलेलं आणा."

हशा जागच्या जागी विरला. आजोबांनी उजवा हात खिशात घातला. आपलेच वाक्य इतक्या चोख रीतीने परत आलेले पाहून बाई आजोबांकडे वळल्या.

"मास्तर, अजून कापता?" त्यांनी हळूच विचारले.

"रोज. जुनी चादर घेतो, पट्ट्या कापतो. सूनबाई बाजारात गेली की."

"मग बगळा उघडावा लागेल."

"नाही! तो पडेल!" खार ओरडली.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "पेशंटचे नातेवाईक कोण?"

"मी."

"मग तू हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"अहो बाई, कात्री माझी आहे!" आजोबा उखडले.

"कात्री तुमची, पेशंट तिचा." बाई पुन्हा खारीकडे वळल्या. "खोटं सांगणार नाही. मी कापेन, परत जोडेन. पण पाय नवा लागेल, आणि तो आधीसारखा उभा राहील याची खात्री मला नाही."

आजोबा वाट पाहून कंटाळले आणि बगळ्याजवळ गेले. वाकून बघता बघता त्यांची भिवई चढली. "ह्याला मान कुणी दिली अशी? पोक काढून बसलाय नुसता."

"तुमचीच आहे," खार म्हणाली. "मशीनवर बसता तशी."

आजोबांनी खिशातला हात काढून बगळ्याच्या मानेवरून फिरवला. हात थरथरत होता, आणि त्याबरोबर बगळाही डुलत होता. पण पडत नव्हता. "राहू द्या बाई," ते म्हणाले. "चांगला उभा आहे. मी दुसरी घेईन."

ते दाराशी पोचले तोच मागून आवाज आला, "कापा."

बाईंनी कपाटातून प्लास्टर कापायची दांडगी कात्री काढली. आजोबांनी तिच्या पात्यावरून अंगठा फिरवून नाक मुरडले. "धार कुठाय हिला? माणसं कापत होता की चेपत होता?"

"आजवर एकही पेशंट तक्रार घेऊन आला नाही," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. खारीने मान धरली, डोळे मात्र मिटून घेतले. कवच उकलले, चिंधी सुटली, आणि लोखंड बाहेर आले. त्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता. चिंधीला मशीनचे तेल होते, आणि गुंडाळलीही होती ती आजोबांच्या पद्धतीने, मुठीकडून टोकाकडे.

बगळा टेबलावर आडवा झाला. आजोबा घरी गेले आणि कापड मोजायची आखूड लाकडी पट्टी घेऊन आले.

"हिचा मात्र खरंच उपयोग नाही. मापं मला नजरेनं कळतात."

लाकूड लोखंडाहून हलके. बगळा उभा राहिला तो किंचित डावीकडे कलून. खारीने त्याचा चोळामोळा केला नाही. तिने डब्यात आणखी दगड भरले.

२०१९ च्या मार्चमध्ये त्या कात्रीला नवी धार लावली गेली. ती लावून आणली नातीने, आणि आजोबांनी त्याच दिवशी एक चादर कापायला घेतली.