मार्थाबाईंचे बिनआवाजी आभार

"साहेब, खरं सांगतो, महिनाभर एक शब्द नाई बोलली हे," दानियलभाऊ म्हणाले.

मी पेशंटच्या घशातून दुर्बीण बाहेर काढली आणि चिडलो. मी भंडाऱ्यात कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. खुर्चीत त्यांच्या पत्नी मार्थाबाई होत्या. लाखनीला हायवेवर दोघांचे चहा-पोह्यांचे हॉटेल आहे. रविवारी चर्चमध्ये गाण्यांना मार्थाबाई पुढे. गाऊन गाऊन आणि ट्रकांच्या आवाजावर ओरडून त्यांच्या स्वरतंतूंवर नोड्यूल आले होते. नोड्यूल म्हणजे घट्टे, कुदळ धरून तळहाताला पडतात तसेच. उपाय व्हॉइस रेस्ट, म्हणजे आवाजाला पूर्ण सुट्टी. ती देऊनही घट्टे जागेवरच होते.

"असंच राहिलं तर ऑपरेशन करावं लागेल," मी म्हणालो. "मग गळा पहिल्यासारखा गाईलच, याची गॅरंटी मी देत नाही."

मार्थाबाईंचे डोळे भरले. नाताळ दीड महिन्यावर होता.

"सध्या चर्चमंदी गाणं मीच उचलून राहिलो, साहेब," दानियलभाऊ म्हणाले. गाणे उचलणे म्हणजे पहिली ओळ धरणे. त्यांनी एक ओळ म्हणूनही दाखवली. मी कानाचाही डॉक्टर आहे, एवढेच सांगतो.

दोघांना बाहेर बसवून मी विचार करू लागलो. काचेतून पाहतो तर मार्थाबाईंचे ओठ हलत होते. पंखा लागला, ओठ हलले. सिस्टरने पाणी दिले, पुन्हा हलले. मी उठून बाहेर गेलो.

"काय पुटपुटताय?"

"देवाले धन्यवाद देऊन राहिली," त्या कुजबुजल्या. "पंख्यासाठी. पाण्यासाठी."

"दिवसभर?"

"सकाळी गॅस पेटला का सुरू," दानियलभाऊ अभिमानाने म्हणाले. "दूध फाटलं तरी धन्यवाद, पनीर झालं म्हणून. पण तुम्ही सांगितल्यापासून सारं असं हळू. बोलणं नाई."

घोळ तिथेच होता. कुजबुजणे म्हणजे घशाला आराम, असे लोकांना वाटते. पण जोर लावून कुजबुजताना स्वरतंतू उलट ताणले जातात. या बाई महिनाभर देवाचे आभार मानून घसा घासत होत्या.

"अहो, मनात माना ना आभार," मी वैतागलो. "देवाला ऐकू येतं."

"त्याले येते, साहेब. मले नाई येत. कानावर नाई पडलं का मी दिवसभर कुरकुरच करत राहते."

यावरचा इलाज मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत. मी म्हणालो, "मग टाळी वाजवा. तिचा आवाज कानावर पडेल. पण आता कुजबुजलात तर सरळ ऑपरेशन!"

काही दिवसांनी दानियलभाऊंचा फोन आला. "साहेब, टाळी बंद करा. चहा उकळला का टाळी, गिऱ्हाइक आलं का टाळी. एक ट्रकवाला आपल्यालेच बोलावलं समजून ब्रेक मारून उतरला."

"मग?"

"चहा पिऊन गेला, पार्सलही नेलं."

"मग तक्रार कसली?"

ते हळूच म्हणाले, "मी चर्चमंदी गायलो, तवा एकही टाळी नाई वाजवली न तिनं."

नाताळाच्या आधी पुन्हा दुर्बीण घातली. घट्टे जवळपास विरले होते. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरलाही बोलावून स्क्रीन दाखवली.

"बोला आता, मार्थाबाई. पण हळूहळू सुरुवात करा."

पहिला शब्द देवासाठी असणार, अशी माझी खात्री होती. बाई नवऱ्याकडे वळल्या. "आता तुम्ही गाणं नोका उचलू, हं."

दानियलभाऊंनी दोन्ही हात जोडून वर पाहिले. टाळ्यांतून त्यांचीही सुटका झाली होती.

तेव्हापासून व्हॉइस रेस्ट सांगताना 'कुजबुजायचेही नाही' हे मी आधी बजावतो. आणि मी काही देवाधर्मातला माणूस नाही, पण हल्ली घरी जाताना कारमध्ये दिवसातल्या बऱ्या गोष्टी मोठ्याने बोलतो. काचा वर करून.