दामूभावजींचा सरळ फोटो

दामूभावजी गेल्याचं मला भाचीच्या फोनवरून कळलं. पण त्यांच्या मरणाचा खरा संताप आला तो दोन-तीन दिवसांनी, शहापूरच्या एसटी स्टँडसमोर. गावातल्या उत्साही मंडळींनी तिथे फ्लेक्स लावला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'ज्येष्ठ सिनेअभिनेते', त्याखाली पुढच्या निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या शोकाकुल मंडळींचे गोल गोल हसरे चेहरे, आणि मधोमध माझे मेव्हणे, कुणाची तरी थप्पड खाताना. पोरांनी मोबाइलवर खूप शोधलं म्हणे, तेव्हा हा एकच फोटो हाती लागला. मारणारा हिरो त्यांनी कापून काढला. पण त्याची बोटं भावजींच्या गालावर अशी बसली होती, की बोटं काढावीत तर गालही जाणार. मग फ्लेक्सवाल्याने डोकं चालवलं आणि बोटांवरून झेंडूचा हार फिरवला. हाराच्या वर अंगठा तेवढा राहिला होता. येणारेजाणारे वर बघत आणि हसत. 'जातानाही हसवून गेले' असं कुणीतरी लिहीलच. मी लिहिणार नाही.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. तुम्ही त्यांना नक्की पाहिलं आहे. मराठीत विनोदी सिनेमांचा पूर आला होता त्या काळात ते पडद्यावर सारखे असत. नाव तुम्हाला ठाऊक नसणार, त्यात तुमचा दोष नाही. त्यांचं नाव येण्याआधीच नावांची पाटी संपायची. हॉटेलातला वेटर, चाळीचा वॉचमन, झोपाळू हवालदार, हिरो बाई होऊन आला की त्याला डोळा मारणारा दूधवाला… माणसं निराळी, काम एकच. हातात काहीतरी घेऊन यायचं, 'पण साहेब…' म्हणायचं आणि कानफटात खाऊन पडायचं. उभ्या कारकिर्दीत त्यांना पुरं वाक्य मिळालं नाही. स्मृतिलेखात असं लिहायचं नसतं हे मला कळतं. पण मी स्पष्टच सांगतो, मला त्यांचं काम कधीच आवडलं नाही.

या कारकिर्दीची सुरुवातही पडण्यानेच झाली. त्यांचं गाव किन्हवलीच्या बाजूला, घर भातशेतीचं. गावात बोहाडा व्हायचा. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचायचं, हा तिथला जुना रिवाज. भावजी त्यात वेताळ होत. तोंडावर मुखवटा असल्यामुळे तोवर चेहऱ्याचा प्रश्न आला नव्हता. पुढे गावच्या नाटकात त्यांना राजाच्या नोकराचं काम मिळालं. पाण्याचा तांब्या घेऊन येताना रंगमंचाची फळी निसटली आणि ते तांब्यासकट प्रेक्षकांत जाऊन पडले. बाया डोळ्यांना पदर लावून हसल्या. मुरबाडहून आलेला एका नाटक मंडळीचा व्यवस्थापक समोर बसला होता. तो आत येऊन म्हणाला, "असंच रोज पडशील का?" दुसरा कुणी असता तर त्याने तांब्या फेकून मारला असता. भावजींनी विचारलं, "रोज कुठं कुठं पडायचं?"

असल्या माणसाला आमच्या वडिलांनी मुलगी दिली, याचं मला आजही नवल वाटतं. आमचं घर वैशाखऱ्याचं, माळशेजच्या रस्त्यावरचं. मी नुकताच भातसानगरला धरणाच्या ऑफिसात चिकटलो होतो आणि घरात माझ्या शब्दाला किंमत आली होती, निदान मला तसं वाटे. मी विरोध केला. ताई म्हणाली, "मला चालंल." विषय संपला. लग्नात फोटोग्राफरने सगळ्यांना नीट उभं केलं, आणि बटण दाबायच्या क्षणाला नवरदेवाने डोळे नाकाकडे वळवले. त्या लग्नाच्या एकाही फोटोत नवरा माणसासारखा दिसत नाही. कुठे गाल फुगवलेले, कुठे जीभ बाहेर, एकात तर मुंडावळ्या दातात धरलेल्या. ताई शेजारी मान खाली घालून… लाजली म्हणून की हसू आवरत नव्हतं म्हणून, ते मला कधी कळलं नाही. "कॅमेरा समोर आला का तोंड आपोआप वाकडं व्हतं हो," असं वर ते आम्हालाच सांगत.

त्यांचा एक सिनेमा मुरबाडजवळ म्हसा गावच्या जत्रेत तंबूत लागला होता. मी ताईला आणि आईला घेऊन गेलो. बाहेर बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, आणि आत आमचे जावई सुटाबुटातल्या हिरोच्या हातची खात होते. तंबू हसून फुटायचा बाकी होता. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून एक दे त्याला!" हिरोने दिली. मला मान वर करवेना. ताई मात्र शांतपणे बघत होती. बाहेर आल्यावर आईने पदराला डोळे पुसत विचारलं, "गो, लागत नाय ना त्यांना?" ताई म्हणाली, "लागत नाय म्हनतात. मंग त्या टायमाला आठ दिस गाल कशाला सुजला व्हता? मीच लेप लावला."

मी हे भावजींना एकदा तोंडावर विचारलं. ते मला 'सायेब' म्हणत. धरणाच्या ऑफिसात बिलं तपासणारा कारकून मी, पण त्यांच्या लेखी मी सायेब. म्हटलं, "भावजी, तुम्हाला काही वाटत नाही? चारचौघांत मार खायचा, तोही फालतू विनोदासाठी?" त्यांनी बिडी विझवली. म्हणाले, "सायेब, हात जवळ आला का आपण मान फिरवायची आन खाली हातावर हात मारून आवाज काढायचा. लागायला नाय पायजे. पण हिरोला मधीच हसू येतं. मंग टाइम चुकतो. मंग परत. मंग परत." आणि माझ्याकडे बघून त्यांनी गाल फुगवले. गंभीर बोलणं त्यांना झेपत नसे. त्यांच्या या भित्र्या गमतीची मला चीड यायची. सेटवर एकदा तरी 'साहेब, हात सांभाळा' म्हणाले असते तर आकाश कोसळलं नसतं. पण 'पण साहेब'च्या पुढे जायची सवयच उरली नव्हती. घरीही ते तसेच. ताईने चार शब्द सुनावले की पाट सरकवून, पाय घसरल्यासारखं करून ते धाडकन पडत. ताईला हसू यायचं, आणि भांडण राहून जायचं.

पुढे ती लाट ओसरली. मालिका आल्या, त्यांत थप्पड खाण्याचं काम सुनांकडे गेलं. भावजी गावी येऊन भात लावू लागले. मारणारा तो हिरो मात्र आता दूरदर्शनच्या पडद्यावर परीक्षक होऊन बसतो आणि तरुण पोरांना अभिनयातलं सत्य समजावतो. भावजी गेल्यावर त्याने भाचीला आवाजी निरोप धाडला. 'आमच्या ट्रेवाल्या काकांना…' अशी सुरुवात होती. इतकी वर्षं ज्याच्या गालावर हात साफ केला त्याचं नाव विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. बाकीचे निरोप त्याहून भिकार. एकाने तर फुलांच्या हलत्या चित्रासोबत 'शुभ सकाळ'सुद्धा जोडलं होतं.

तेराव्याला खुर्चीवर फोटो ठेवतात. आम्ही खुर्ची ठेवली, तिच्यावर पांढरी चादर घातली, हार आणला, आणि फोटो नाही. फ्लेक्सवाल्या मंडळींनी मोठ्या प्रेमाने त्याच थप्पडेची चौकट करून दिली होती. ताईने ती घेतली, त्यांना चहा दिला आणि मंडळी गेल्यावर चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली. आधार कार्डावरचा फोटो पुढे केला, तर म्हणाली, "ह्याच्यात तर मेलेले दिसतात." बोहाड्यातला एक फोटो निघाला, त्यात तोंडावर वेताळ. शेवटी हार रिकाम्या खुर्चीला घातला. पाहुणे खुर्चीच्या पाया पडून जेवायला बसले. सगळे गेल्यावर ताई माझ्याजवळ येऊन बसली. "शांताराम, मला त्यांचा येक सरळ फोटो आनून दे. भिंतीला लावायला. तोंड वाकडं नाय, मार खाताना नाय. मला दुसरं काय नको."

एका माणसाचा सरळ चेहरा शोधणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. नातेवाइकांची कपाटं उपसली. साखरपुडे, बारशी, पूजा, सगळीकडे भावजी आहेत आणि सगळीकडे डोळे नाकाकडे. मला मेलेल्या माणसाचा राग येऊ लागला. शेवटी भाची म्हणाली, "मामा, सिनेमातच बघू." तिने मोबाइल टीव्हीला जोडला आणि आम्ही तिघं रविवार-रविवार ते सिनेमे बघत बसलो. काय ते सिनेमे! तेच बंगले, तोच तरण तलाव, तेच पुरुष लुगड्यात. आणि ताईचं सगळं लक्ष कोपऱ्यात. "हितं पडले तवा कंबर धरली व्हती, म्हयनाभर शेक दिला." "ह्या बादलीत चुना व्हता गो, डोळे लाल झालते." पडद्यावर लोक हसत होते आणि ही दुखणी मोजत होती. सरळ चेहरा कुठेच नव्हता.

मग एका सिनेमात हॉटेल आलं. पुढे हिरो-हिरॉइनचं भांडण, लांबलचक, रटाळ. मागे दाराच्या पडद्यापाशी भावजी ट्रे धरून उभे. त्यांची पाळी यायची होती. कॅमेरा त्यांच्यावर नव्हता, आणि तो आपल्यावर नाही हे त्यांना ठाऊक होतं. तोंड वाकडं नव्हतं, गाल फुगलेले नव्हते. नुसते उभे होते… वाट बघत.

"थांब," ताई म्हणाली. भाचीने चित्र थांबवलं. ताई उठून पडद्याजवळ गेली. "हे बग. हे आमचं मानूस. मला न्यायला यायचे ना, तवा वैशाखऱ्याला गाडीची वाट बघत अशेच उभे ऱ्हायचे." भाचीचं बोट पुढे सरकलं, तशी ताईने तिचा हात धरला. "आता पुढं लावू नको गो."

ते चित्र घेऊन मी शहापूरच्या एका फोटो स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने संगणकावर ते मोठं केलं आणि विचारलं, "काका, पुढचा माणूस पाहिजे का मागचा?"

"मागचा," मी म्हटलं. "पुढचा कापून टाका."

"पण हे हिरो आहेत, काका."

"म्हणूनच सांगतोय."

त्याने कापला. आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी मला इतकं समाधान दिलं आहे. मागे ढग घालू का, कोट चढवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. फोटो पुसट आला आहे. कान नीट कळत नाही, खाली ट्रेची कड दिसते. ताईने तो दारासमोरच्या भिंतीला लावला आहे. आत येणाऱ्याला वाटतं, घरमालक आपलीच वाट बघत उभे आहेत. पण त्या उभं राहण्याच्या पुढच्याच क्षणाला काय होतं, ते मला ठाऊक आहे. 'पण साहेब…' आणि मग तो हात. भिंतीवर मात्र अजून काहीच झालेलं नाही. होणारही नाही.

तो सिनेमा अधूनमधून दुपारचा टीव्हीवर लागतो. परवाही लागला होता. घरचे बघत होते. हॉटेल आलं तसा मी उठलो आणि टीव्ही बंद केला. बायको म्हणाली, "अहो, आता भावजी येतील ना!" मला त्यांचं काम कधीच आवडलं नाही, हे मी वर सांगितलंच आहे.